पऱ्हाटी, अंबाडी, बांबू आणि कुजणारं प्लास्टिक: गावातून नेहमी येणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या पट्ट्यात बचत गटाच्या बैठकीत नाहीतर शेतकरी कंपनीच्या सभेत पऱ्हाटी (कापूस वेचल्यावर उरलेलं कपाशीचं झाड), अंबाडी, बांबू यांचा धागा कुजणाऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळून वस्तू करायचा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात, आणि प्रश्न सगळे रास्त असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: यातला धाग्याचा भाग गावाच्या हातातला आहे, प्लास्टिकचा भाग नाही. गावानं धागा नीट तयार करायला शिकावं, कारखाना टाकायची घाई करू नये.

हे नेमकं आहे तरी काय? प्लास्टिकमध्ये पऱ्हाटी काहून टाकायची?

कुडाची भिंत लिंपताना आपण मातीत कुटार मिसळतो. नुसती माती वाळली की तडकते, कुटार असलं की धरून राहते. इथंही तेच तत्त्व आहे. कुजणारं प्लास्टिक एकतर ठिसूळ असतं किंवा फार लवचिक, आणि वर महाग. त्यात झाडाचा धागा मिसळला की वस्तू ताठ होते, महागडं प्लास्टिक कमी लागतं आणि धागासुद्धा कुजणाराच असल्यामुळं मूळ गुण जात नाही.

काचेचा धागा टाकून फायबरच्या टाक्या आणि पत्रे होतात ते सगळ्यांनी पाहिलंय. काचेचा धागा जास्त मजबूत आहे हे खरंच, पण त्याची घनता २.५ च्या आसपास आणि झाडाच्या धाग्याची १.३ ते १.५, म्हणजे आपला धागा बराच हलका. आणि काच कुजत नाही, मशीनचा स्क्रू (वितळलेलं प्लास्टिक पुढं ढकलतो तो) आणि साचाही जास्त घासते.

कुजणारं प्लास्टिक म्हणजे कोणतं? सगळं एकच असतं का?

नाही, आणि इथंच सगळ्यात जास्त फसवणूक होते म्हणून थोडं सावकाश वाचा.

पीएलए हे सगळ्यात जास्त चालणारं. मका किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतात आणि त्याची साखळी जोडून पीएलए बनतं. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ब्लेअर गावी मक्यापासून हे बनवायचा मोठा प्लांट आहे, आपल्याकडं जेजुरीला प्राज कंपनीनं २०२४ मध्ये प्रात्यक्षिक प्लांट सुरू केलाय. पीएचए हे जिवाणू स्वतःच्या पेशीत साठवून ठेवतात, जशी आपल्या अंगात चरबी साठते तसं त्यांचं ते साठवण, त्यातला पीएचबी हा प्रकार पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लेमोइन यांनी १९२० च्या दशकातच शोधला होता. पीएचए मातीतही कुजतं, पण महाग आहे. पीबीएटी हे बहुतेक वेळा पेट्रोलियमपासूनच बनतं आणि तरीही कुजतं, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. म्हणजे कशापासून बनलं आणि कुजतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आणि चौथं स्टार्चचं, मक्याच्या किंवा टॅपिओकाच्या पिठात ग्लिसरीन घालून केलेलं, स्वस्त आहे पण पाणी लागलं की लिबलिबीत होतं.

आता फसवणुकीचं. साध्या पॉलिथिनमध्ये काहीतरी रसायन घालून 'ऑक्सो' नावानं विकतात, ते उन्हात तुकडे तुकडे होऊन मातीत मिसळतं, कुजत नाही. पॉलिप्रॉपिलीनमध्ये लाकडाचा भुसा घालून केलेली फळी मजबूत असते, चांगलीही असते, पण ती कुजणारी नाही. त्यात पऱ्हाटी आहे म्हणून कोणी 'नैसर्गिक' म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

आपल्या भागातला कोणता धागा चालतो?

माझ्या मते पहिला नंबर अंबाडीचा. आपल्याकडं ज्वारीत, वावराच्या कडेनं अंबाडी लावायची पद्धत जुनीच आहे, भाजी खायची, वाखाचे, म्हणजे तिच्या सालीतून काढलेल्या धाग्याचे, दोर वळायचे. जगात याच जातीचं केनाफ नावाचं पीक धाग्यासाठी घेतात, आणि जपानमध्ये ते पीएलएमध्ये घालून वस्तू बाजारात आल्यासुद्धा: टोयोटानं २००३ मध्ये राउम गाडीत स्टेपनीचं झाकण पीएलए आणि केनाफचं बसवलं, आणि २००६ मध्ये एनईसीनं याच मिश्रणाचं कव्हर असलेला मोबाइल काढला. गाडी आणि मोबाइल म्हणजे कडक तपासणीतून गेलेला माल, तेव्हा आपल्या धुऱ्यावरच्या अंबाडीला कमी लेखायचं काही कारण नाही. अडचण अशी की आता अंबाडी लावतंय कोण, नायलॉनचा दोर आला आणि वाख काढणारे हात कमी झाले, ज्यांना येतं ती माणसं म्हातारी झालीत. त्यांच्याकडून आताच शिकून घ्या.

पऱ्हाटी भरपूर आहे, कोरडवाहूत हेक्टरी साधारण २ ते ३ टन निघते. पण हे लक्षात ठेवा की पऱ्हाटीच्या सालीत लांब धागा असतो आणि आतलं लाकूड हे लाकूडच. पूर्ण पऱ्हाटी दळली की भुकटी मिळते, धागा नाही. भुकटीनं वस्तू ताठ होते आणि स्वस्त पडते, पण ओढून तुटायची ताकद वाढत नाही, बरेचदा थोडी कमीच होते. साल वेगळी काढली तर चांगला धागा मिळतो पण मेहनत फार.

बांबू गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटचा. धागा जबरदस्त ताठ. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनजमिनीबाहेरचा बांबू कायद्यानं 'झाड' राहिला नाही, त्यामुळं शेतातल्या बांबूची तोड-वाहतूक सोपी झाली. मेंढा-लेखासारख्या गावांनी सामूहिक वनहक्कातून बांबू स्वतः विकून दाखवला, म्हणजे माल गोळा करून हिशोब ठेवायची सवय तिकडं आहे, आणि या धंद्यात तीच अर्धी लढाई असते.

केळी अंजनगाव, अकोट, तेल्हारा भागात. घड कापला की खोड फेकायचंच असतं, त्यातून मशीननं धागा निघतो. घायपातीचा वाखही चांगला, जरा जाडाभरडा.

भंडारा-गोंदियाचे लोक विचारतात धानाच्या तणसाचं आणि कोंढ्याचं काय. चालतं, पण त्यात सिलिका फार असते, ती मशीनचा स्क्रू खाते, म्हणून पहिली पसंती नको. संत्र्याची साल आणणारेही भेटतात, त्यात पेक्टिन असतं, धागा जवळपास नाहीच.

मग कापूसच टाकला तर? धागाच आहे की तो.

टाकता येतो, आणि टाकलाही गेलाय. पूर्व जर्मनीत १९५७ पासून १९९१ पर्यंत ट्रॅबांट नावाची गाडी निघायची, तिची बॉडी पत्र्याची नव्हती, कापसाच्या गिरणीतला टाकाऊ धागा फिनॉलच्या रेझिनमध्ये दाबून केलेली होती. कापूस पिकवणाऱ्या माणसानं हे माहीत असावं असं मला फार वाटतं. पण तिचीच दुसरी बाजूही बघा, ते रेझिन वितळतही नाही आणि कुजतही नाही, त्यामुळं जुन्या गाड्यांच्या बॉडीचं करायचं काय हा तिकडं मोठा प्रश्न झाला. धागा कुजणारा असून भागत नाही, ज्यात तो घालता तेही कुजणारं पाहिजे.

आणि चांगला कापूस यात घालू नका. सुतासाठी त्याला जास्त भाव आहे, शिवाय तो मऊ धागा आहे, ताठपणा अंबाडी-बांबूपेक्षा कमी. जिनिंगमधला कचरा आणि सरकीवरची बारीक लव एवढंच या कामाचं.

धागा नुसता कापून मिसळला तर नाही चालत का?

इथं सगळा खेळ आहे. तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली ओल. झाडाच्या धाग्यात हवेतल्या दमटपणाप्रमाणं ८ ते १२ टक्के पाणी असतं. पीएलए गरम असताना पाणी लागलं की त्याची साखळी तुटते आणि वस्तू काचेसारखी ठिसूळ होते, म्हणून पीएलएचे दाणे ०.०२५ टक्क्यांपेक्षा कमी ओलीपर्यंत वाळवायला सांगतात. आता आपण मे महिन्याच्या उन्हात वाळवलेला वाख कितीही कडकडीत वाटला तरी त्यात पाणी असतंच, आणि श्रावणात तो पुन्हा पाणी पितो. तेव्हा उन्हात वाळवणं ही पहिली पायरी, मिसळायच्या आधी ओव्हनमध्ये ८० ते १०० अंशावर काही तास ठेवणं ही दुसरी, आणि लगेच हवाबंद पिशवीत भरणं ही तिसरी. तिसरी पायरी लोक विसरतात आणि मग म्हणतात की मशीन खराब आहे.

दुसरी गोष्ट चिकटणं. धाग्याला पाणी आवडतं, प्लास्टिकला आवडत नाही, त्यामुळं दोघं एकमेकांना नीट धरत नाहीत. वाखावर मेण, डिंकासारखे पदार्थ, थोडं लिग्निन असतं, ते काढायला साधारण ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धागा भिजवतात आणि मग अल्कली पूर्ण जाईपर्यंत धुतात. धाग्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो, पकड येते. पण कॉस्टिक म्हणजे साधं सोडा-पाणी नव्हे बरं, हात भाजतात, डोळ्यात गेलं तर डोळा जातो. रबरी हातमोजे, चष्मा पाहिजेच, आणि ते काळं पाणी नाल्यात सोडायचं नाही म्हणजे नाही. त्या पाण्याची सोय नसेल तर ही पायरी गावात करूच नका, कारखान्याला करू द्या.

तिसरी उष्णता. झाडाचा धागा २०० अंशाच्या वर काळा पडायला आणि करपायला लागतो. पीएलएचं काम १७० ते १९० ला होतं म्हणून जमतं, पण फार थोडं अंतर आहे. जास्त वेळ मशीनमध्ये राहिला तरी वास येतो, रंग जातो, ताकद जाते.

धागा जितका लांब तितका चांगला ना?

दोर वळायला हो. मशीनसाठी नाही. फार लांब असला तर हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या माल ओतायच्या तोंडात, गुंता होऊन अडकतो, पुढं जातच नाही, आणि स्क्रूमध्ये तसाही तुटतो. दुसरीकडं अगदी भुकटी केली तर ताकदीचं काम होत नाही. जाडीच्या मानानं लांबी बरीच जास्त राहिली पाहिजे, म्हणून बहुतेक वेळा काही मिलिमीटरचे तुकडे मागतात. महत्त्वाचं म्हणजे सगळे तुकडे सारखे पाहिजेत, एका पोत्यात दोन मिलिमीटर आणि दुसऱ्यात वीस असं चालत नाही. कुट्टी मशीन आणि दोन-तीन मापाच्या चाळण्या एवढ्यावर गावातला गट हे काम चोख करू शकतो.

किती टक्के टाकतात? आणि फरक किती पडतो?

साधारण १० ते ४० टक्के वजनानं. नुसत्या पीएलएचा ताठपणा ३ ते ३.५ गिगापास्कलच्या आसपास असतो, ३० टक्के चांगला, साफ, कोरडा धागा असला तर तो दुप्पट किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो. पण आपटलं तर फुटायचं प्रमाण तितकं सुधारत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगा. खुर्ची, घमेलं, बादली यांच्या नादी लागू नका.

आपल्याकडच्या उन्हात टिकेल का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईकडं कोणी विचारत नाही, आपल्याकडं पहिला हाच येतो आणि बरोबरच आहे. पीएलए ५५ ते ६० अंशाला मऊ पडायला लागतं. चंद्रपूर-अकोल्यात हवेचंच तापमान मे मध्ये ४५ च्या वर जातं, तर काच बंद करून उभ्या पिकअपमध्ये किंवा टिनाच्या गोदामात ६० सहज होतं. धागा घातल्यानं वस्तू आकार थोडा जास्त धरून ठेवते, आणि साच्यात हळू थंड करून पीएलएचे स्फटिक नीट होऊ दिले तर बराच फरक पडतो. तरीपण साठवण सावलीत, वाहतूक रात्री किंवा पहाटे, एवढं पाळावंच लागतं.

मल्चिंग पेपर बनवता येईल का यापासून? प्लास्टिकचा पेपर वावरातून वेचता वेचता जीव जातो.

कुजणारा मल्चिंग पेपर मिळतो, बहुतेक पीबीएटी आणि स्टार्चचा. पण त्यात आपला वाख घालता येत नाही, कारण पेपर असतो २०-३० मायक्रॉनचा आणि वाखाची एक बट त्याच्याहून जाड, तिथंच भोक पडून पेपर फाटेल. त्यासाठी सेल्युलोज अतिसूक्ष्म करावं लागतं, नॅनो म्हणतात ते. मुंबईच्या सिरकॉट संस्थेत, म्हणजे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, कापसापासून नॅनोसेल्युलोज करायचा पथदर्शी प्लांट आहे. गावात करायचं काम ते नाही.

मग बनवायचं तरी काय?

रोपवाटिकेच्या कुंड्या आणि ट्रे. माझं सगळ्यात जास्त मन इथं आहे. शेंदुरजना घाट, वरुड, मोर्शीकडं संत्र्याच्या कलमांचा केवढा धंदा आहे, आणि प्रत्येक कलम काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. लावताना पिशवी फाडली की ती वावरातच राहते, पुढं वर्षानुवर्षं नांगराला लागते. कुंडी तपकिरी दिसली तरी रोपाला फरक पडत नाही, गुळगुळीत नसली तरी चालते, फार ताकद लागत नाही, आणि ग्राहक आपल्याच तालुक्यात. एकच गोष्ट नीट ठरवा की कुंडीसकट लावायचं की काढून. कुंडीसकट लावायचं असेल तर नुसतं पीएलए नको, ते मातीत फार हळू कुजतं आणि मुळं अडकून बसतील, तिथं पीएचए किंवा स्टार्च-पीबीएटीचं मिश्रण बघावं लागेल.

जेवणाच्या ताटांचं मात्र माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडं पळस आहे, पत्रावळ लावणारे हात आहेत, पंगतीला तीच वापरा, त्यात प्लास्टिक आणायची गरजच नाही. शिवाय कपाशीवर किती फवारण्या होतात ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळं पऱ्हाटीची वस्तू तपासणी केल्याशिवाय खाण्याला लावूच नये.

उकिरड्यात टाकलं तर कुजेल ना?

पीएलएचं खरं उत्तर: लवकर नाही. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात ५८ अंशाच्या आसपास उष्णता, ओल आणि हवा सतत मिळते, तिथं ते काही महिन्यांत जातं. तपासणीचं मापही तसंच आहे, १८० दिवसांत ९० टक्के. आपला शेणखताचा खड्डा थोडे दिवस तापतो, मग थंड होतो, आणि उन्हाळ्यात कोरडाठाक पडतो. धागा असला की त्याच्या वाटेनं पाणी आत शिरतं आणि कुजणं जरा वेगानं होतं, पण म्हणून एका पावसाळ्यात गायब होईल असं कोणाला सांगू नका. आणि भंगारवाल्याच्या पाण्याच्या बाटल्यांत हे मिसळू नका, बाटल्यांचं रिसायकलिंग बिघडतं.

कायद्याचं काय? परवानगी लागते का?

धागा तयार करून विकायला या नियमांतली परवानगी लागत नाही. पण 'कंपोस्टेबल' असा शिक्का मारून प्लास्टिकचा माल बाजारात आणायचा असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आहे, त्यामुळं बाजारात 'इको' लिहिलेला माल खूप आलाय. घेताना प्रमाणपत्र मागा, लाजू नका.

पऱ्हाटी नाहीतरी जाळतोच, विकली तर नुसता फायदाच की?

थांबा, इथं जरा विचार करा. गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी लवकर वावराबाहेर गेलेली चांगलीच, फरदड ठेवण्यापेक्षा, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवण्यापेक्षा, हजार पटीनं चांगली. पण आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी झालाय हेही खरं, सगळीच्या सगळी पऱ्हाटी दरवर्षी बाहेर गेली तर मातीला काय उरतं? श्रेडर मारून काही भाग मातीत गेलाच पाहिजे.

आणि दुसरं, ज्याबद्दल सभेत कोणी बोलत नाही. गावात ज्यांच्याकडं वावर नाही त्या बाया पऱ्हाटी उपटायला जातात आणि मजुरीबरोबर सरपण घरी नेतात, त्यावर त्यांची चूल चालते. उद्या पऱ्हाटीला भाव आला की पहिलं हे बंद होणार. गॅसचं सिलिंडर घरात असलं तरी भरायला पैसे पाहिजेत ना. म्हणून गट काढायचा असेल तर पहिल्या दिवशीच ठरवा की उपटणाऱ्या बायांचा सरपणाचा वाटा तसाच राहील, आणि साल काढणं, चाळणं, वाळवणं ही कामं त्यांनाच मिळतील. लिहून ठेवा, ठराव करा. नंतर कोणी ऐकत नाही.

पैशाचं गणित बसतं का?

वाहतुकीवर सगळं आहे. पऱ्हाटीची ट्रॉली भरलेली दिसते पण वजन काहीच नसतं, म्हणजे तुम्ही डिझेल जाळून हवा नेता. वावरातच किंवा गावातच तुकडे करून, वाळवून, दाबून पोत्यात भरलं तर परवडायची शक्यता आहे. वाखाचं उलट, वजनाला भाव चांगला पण मजुरी जास्त. अंबाडी पाण्यात सडवायलाही जागा पाहिजे. गावतळ्यात सडवू नका, पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे मरतात आणि ढोरांचं पाणी जातं. वेगळं टाकं करा, ते पाणी नंतर खताच्या ढिगावर टाकता येतं.

आणि खरेदीदार ठरल्याशिवाय मशीन घेऊ नका. सबसिडी आहे म्हणून तर अजिबात घेऊ नका.

विचारायला कुठं जायचं?

नागपुरात सिरकॉटचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करायचं काम या संस्थेनं केलंय. वर्ध्याला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, बांबूसाठी चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं केंद्र. पोराला किंवा पोरीला प्लास्टिकचं मशीन शिकायचं असेल तर चंद्रपूरला सिपेट ही प्लास्टिकचं तंत्र शिकवणारी सरकारी संस्था आहे, ते मी आवर्जून सांगतो, कारण मशीन चालवणारा माणूस गावचा असला की अर्धे प्रश्न गावातच सुटतात.

नमुना पाठवायचा तर कसा पाठवायचा?

आधी फोन करून किती किलो पाहिजे ते विचारा. मग एकाच वावरातला, एकाच वेळी काढलेला धागा घ्या, दोन शेतकऱ्यांचा मिसळू नका. माती, पानं, बोंडाची टरफलं निवडून काढा. पूर्ण वाळवा, जाड पिशवीत भरून तोंड चिकटवून टाका. पिशवीवर पीक, वाण, गाव, कापणीची तारीख, कसा काढला म्हणजे पाण्यात सडवून की मशीननं, किती दिवस वाळवला, कोणती फवारणी शेवटची केली आणि कधी, हे सगळं लिहा. तेवढीच एक पिशवी, तसाच मजकूर लिहून, स्वतःजवळ ठेवा, म्हणजे तिकडून उत्तर आलं की कशाबद्दल आलंय ते कळेल.